दुपारचा आकडा का फुगतो?

प्रश्न : नाशिकला आमच्या छतावर ३ किलोवॅटचे सोलर आहे. तरी मेन केबलवर बसवलेला एनर्जी मॉनिटर भर दुपारी, घरात फक्त फ्रिज आणि पंखे चालू असताना, २००० वॅट वापर दाखवतो. एवढी वीज मुरते कुठे?

उत्तर : ती मुरत नाही, महावितरणच्या लाइनवर जाते आहे. केबलभोवती क्लॅम्प लावून मोजणारे साधे मॉनिटर फक्त करंट किती, एवढेच पाहतात. एसी वीज आत येते की बाहेर जाते, हे व्होल्टेजशी ताडून पाहिल्याशिवाय कळतच नाही. म्हणून तुमची निर्यातही वापरात जमा होते. खात्री करायची तर कडक उन्हात गीझर लावून बघा. आकडा वाढण्याऐवजी घसरला, तर दोष मॉनिटरचाच. मग व्होल्टेजही मोजणारा, दोन्ही दिशा दाखवणारा मॉनिटर घ्या. थ्री-फेज जोडणी असेल तर प्रत्येक क्लॅम्प त्याच्याच फेजच्या व्होल्टेजशी जुळलेला हवा. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मेन बोर्ड स्वतः उघडू नका, कृपया.

इन्व्हर्टरच्या ॲपमधले युनिट नेट मीटरच्या निर्यातीपेक्षा जास्त दिसले तरी घाबरू नका. दिवसा घरातच वापरलेली सौरवीज त्या मीटरपर्यंत पोहोचत नाही. बिल मात्र नेट मीटरच्याच आकड्यांवर निघते.