लॅपटॉप तापला आणि मामाचं नाव गळालं

लग्नपत्रिकेत नावांचा क्रम चुकला तर लोक चार दिवस फुगून बसतात, मग मांडवात येतात. नाव गळालं तर येत नाहीत. पंधरा-सोळा वर्षं आंजीत पत्रिका जुळवतो आहे, तेव्हा हे मला ठाऊक होतं. तरी २०२५च्या एप्रिलमध्ये माझ्या हातून नवरीच्या मोठ्या मामाचं नाव गळालं. नवरीचे वडील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "काऊन भाऊ, आमचा मोठा साळा कुठी गेला?"

साळा लॅपटॉपमध्ये गेला होता. लॅपटॉप गेला होता गरमीत. आणि गरमीचं कारण शोधायला मला अडीच महिने लागले, कारण मी ते नको तिथे शोधत होतो.

आमची आंजी (मोठी) वर्धा-आर्वी रस्त्यावर. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. पुढच्या ओसरीवर टिन टाकून मी डीटीपीची खोली केली. पत्रिका, तेरवीची कार्डं, शाळेचे अहवाल इथे जुळवायचे आणि छापायला वर्ध्याला न्यायचे. खोलीला लागूनच बाबांची कापसाची खोली. दिवाळीपासून त्यांनी अठरा क्विंटल कापूस भरून ठेवला होता. २०२२मध्ये भाव दहा हजारांवर गेला होता, तो पुन्हा येईल ही आशा. हा कापूस निघाला त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभावच ७,५२१ रुपये होता आणि दारावर येणारे व्यापारी त्याच्याही खाली मागत होते, म्हणून कापूस हलत नव्हता. मधल्या दाराच्या फटीतून त्याचं तूस माझ्या खोलीत यायचं. टेबलावर बोट फिरवलं की पांढरी रेघ उमटायची. मला ती धूळ वाटायची.

फेब्रुवारीत लॅपटॉपचा पंखा दळणाच्या गिरणीसारखा वाजायला लागला. मी म्हटलं, जुना झाला. मार्चमध्ये पत्रिका जुळवायचं कोरेलड्रॉ मंदावलं. अक्षर टाइप केलं की दोन सेकंदांनी उमटायचं. मी म्हटलं, व्हायरस. एका दुकानात सहाशे रुपये देऊन विंडोज नव्याने टाकून घेतलं. चार दिवस बरं चाललं, कारण त्या चार दिवसांत आभाळ होतं. ऊन परतलं तसा आजार परतला. मग कोणीतरी रॅम वाढवायला सांगितली. त्यात तेवीसशे गेले. मशीन उघडून रॅम बसवणाऱ्यालाही आत पंख्याकडे बघावंसं वाटलं नाही. मलाही "पंखा बघा हो" म्हणावंसं वाटलं नाही, मग त्याला काय बोलायचं!

लग्न ३० एप्रिलचं, अक्षय तृतीयेचं. पत्रिका अठरा तारखेपर्यंत हातात हवी. सोळाला दुपारी चार वाजता मी शेवटची फाईल करत होतो. टिनाखाली, आणि लॅपटॉप टेबलावर नाही, खाटेवरच्या गादीवर, कारण टेबलावर छापून आलेले गठ्ठे होते. वर गणपती, त्याला सोनेरी छटा, छटेला सावली. बेचाळीस नावं: आप्तेष्ट, निमंत्रक, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी सहा लेकरं. पीडीएफ करायची आज्ञा दिली आणि पडदा गोठला. माऊसचा बाण जागचा हलेना. दहा मिनिटं वाट बघितली, मग बटण दाबून धरलं. पुन्हा सुरू केला तर फाईल उघडेना. कोरेल स्वतःहून 'बॅकअप ऑफ' नावाची जोडफाईल ठेवतं, पण ती दुपारी बाराची निघाली. ठरावीक वेळाने आपोआप प्रत काढायची सोय नव्या विंडोजनंतर मी पुन्हा चालूच केली नव्हती.

रात्री साडेनऊला नावं पुन्हा बसवायला घेतली. हस्तलिखित यादी नवरीकडच्यांनी परत नेलेली. फोनवर विचारलं असतं तर मिळाली असती, पण इतक्या रात्री कशाला म्हणून आठवणीतून लिहिली. एकेचाळीस आठवली.

पुढचं सगळं सांगत नाही. दोनशे पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या, आणि नवरीच्या वडिलांसोबत मामांच्या घरी जाऊन पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी घरात उपाय सुरू झाले. बाबा म्हणाले, "ओला पंचा गुंडाळ त्याले. माठ नाही का गार होत?" माठाचं तत्त्व बरोबर आहे, पण माठात वीज नसते. भाच्याने दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. तेही नको. थंड केलेलं यंत्र बाहेरच्या हवेत आणलं की आतल्या पत्र्यांवर दव धरतं आणि ते सर्किटवर उतरतं. फ्रिजपर्यंत मी खरंच गेलो होतो. आत दह्याचं गंज होतं म्हणून थांबलो.

शेवटी वर्ध्यात एका तरुण कारागिराने माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं. पंखा काढला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे एक राखाडी नमदा बसला होता, बोटभर लांब, दाबून बसवल्यासारखा. चिमट्याने उचलून त्याने हातावर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, काय भाव देऊ ह्या कापसाले?"

तो नमदा मी घरी आणला. बाबांनी बोटांत चोळून पाहिला आणि काही न बोलता मधल्या दाराच्या फटीत पोतं कोंबलं.

आत काय होतं ते समजून घेतलं की बाकी सगळं सोपं होतं. प्रोसेसर म्हणजे नखाएवढी चूल. तिची उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक पात्यांच्या जाळीकडे जाते, पंखा खालून हवा ओढून त्या जाळीतून बाहेर फेकतो. जाळी बुजली की पंखा कितीही ओरडला तरी हवा पुढे जात नाही. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसजवळ गेले की जीव वाचवायला स्वतःच गती कमी करतात. माझं उशिरा उमटणारं अक्षर म्हणजे तेच होतं. तरी तापत राहिलं तर मशीन धाडकन बंद पडतं. म्हणजे मशीन दोन महिने मला सांगत होतं आणि मी त्याला औषध म्हणून रॅम पाजत होतो.

यात आपल्या भागाची गोष्ट वेगळी आहे. बरेच लॅपटॉप बनवणारे वापराच्या जागेचं तापमान ३५ अंशांपर्यंत धरतात. माझ्या टिनाच्या खोलीत भिंतीवरचा काटा त्या दुपारी ४३ होता. जाळी कितीही साफ असली तरी ती खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पुण्याच्या २५ अंशांच्या खोलीत जे मशीन ८० अंशांवर सुखाने चालतं, तेच इथे तेवढ्याच कामाला शंभराच्या आसपास पोचतं. नागपुरात २३ मे २०१३ला ४७.९ अंश नोंदले गेलेले आहेत. आणि मे २०२४मध्ये तिथल्याच एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले, तेव्हा हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. उन्हात इलेक्ट्रॉनिक वस्तूचं डोकं फिरणं ही काही माझ्या एकट्याच्या घरची गोष्ट नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी आकडा बघा. 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूइन्फो' ही मोफत साधनं प्रोसेसरचं तापमान दाखवतात. माझ्याकडे काही न करताच ७८ होतं आणि पीडीएफ करताना ९९. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि तांब्याच्या मधला लेप, झाल्यावर तेच ५७ आणि ८४ वर आलं. खर्च साडेचारशे. तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लागते, आणि तिच्या जागी टूथपेस्ट लावा म्हणणाऱ्याला दारातच नमस्कार करा.

पण सगळं गोठणं गरमीचं नसतं, आणि इथेच माझ्यासारखा माणूस उलट्या बाजूने फसू शकतो. साधी पारख सांगतो. पहाटे पाचला, गारव्यात, मशीन सुरू करा. दहा मिनिटांत तेव्हाही गोठत असेल आणि तापमानाचा आकडा साठच्या आसपास असेल, तर चोर दुसरा आहे: डिस्क, रॅम नाहीतर एखादा ड्रायव्हर. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' डिस्कची तब्येत सांगतं, आणि रॅम तपासायचं साधन विंडोजमध्येच असतं. डिस्कवर जरा जरी संशय आला तर आधी फाईली दुसरीकडे उतरवा, मग बाकी तपास. पंखा ओरडतो, मग गती पडते, मग बंद पडतं, आणि अर्धा तास विसावा दिला की पुन्हा नीट चालतं, हा क्रम असेल तर मात्र गरमीच.

घरी ब्लोअर मारणाऱ्यांसाठी एक सांगणं. बाहेरच्या जाळीतून जोरात फुंकलं तर तो नमदा बाहेर येत नाही, मागे सरकून पंख्यात पडतो. आणि हवेच्या झोताने पंखा भिंगरीसारखा फिरला तर त्याचं बेअरिंग जातं, म्हणून पाती दातकोरणीने अडवून धरायची. झाकण उघडायची सवय नसेल तर हे काम जाणत्याकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून. आत निघालेला कचरा दाखवायला सांगा. ज्याच्या घरी कापूस, भुसा किंवा पिठाची गिरणी आहे त्याने वर्षातून दोनदा, एकदा कापूस विकून झाल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर. बाकीच्यांना एकदा पुरे.

गादी मात्र आजच सोडा. हवा ओढायची तोंडं बहुतेक लॅपटॉपना खालच्या बाजूला असतात आणि कापसाची गादी ती झाकून टाकते. मी टेबलावर लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली बाटलीची चार झाकणं ठेवतो. पंखे असलेला स्टँडही आणला होता, पण त्याचे पंखे एकीकडे आणि माझ्या लॅपटॉपची तोंडं दुसरीकडे. झाकणांनी तेवढंच काम केलं, फुकटात.

कूलरबद्दल आमच्याकडे मोठा गैरसमज आहे. लोक लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवतात. आमच्या विहिरीचं पाणी जड, ताट्यांवर पांढरा थर चढतो. त्याच पाण्याचे बारीक तुषार मशीनच्या आत गेले की तांब्याला डाग पडतात आणि जोड गंजतात. कूलर खोलीसाठी आहे, मशीनसाठी नाही. लॅपटॉप सहा-सात फुटांवर, झोताच्या आडवा ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. खिडकी बंद करून कूलर चालवला तर तासाभरात खोली दमट होते आणि गारवाही जातो. जुलैत पाऊस पडला की हवेतच ओल असते, तेव्हा कूलरने काही होत नाही, साधा पंखा बरा.

मी सगळ्यात मोठा बदल केला तो जागेचा. टिन सोडून माजघरात गेलो, मातीच्या भिंतींआड. सेवाग्रामला बापू कुटीत एप्रिल-मेमध्ये पाऊल टाकलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. १९३०च्या दशकापासून माती, बांबू आणि कवेलू तिथे जे काम करताहेत, त्यासाठी मी टिनाखाली वीज जाळत होतो. आता जड फाईली सकाळी दहाच्या आत नाहीतर रात्री आठनंतर करतो. दुपारी फक्त फोन, हिशेब आणि झोप.

लॅपटॉप हळू चालला तरी चालणार असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ करा. एका टक्क्याने काय होतं असं वाटेल, पण माझ्या मशीनमध्ये त्यामुळे प्रोसेसरची ती क्षणिक उसळी, टर्बो म्हणतात ती, थांबली आणि तापमान बाराएक अंशांनी खाली आलं. काही मॉडेलमध्ये ही सोय दिसत नाही.

बॅटरीचं वेगळं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. तुमच्या स्कूटरच्या डिक्कीत दुपारी त्याहून जास्त असतं, तेव्हा तिथून काढून लगेच चार्जिंगला लावू नका. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, टोचू नका, दाबू नका, आणि जाणत्याकडून ती बदलून घ्या.

बाबांचा कापूस मे सरता सरता विकला गेला. भाव दहा हजार नव्हता, सांगत नाही किती होता.

आणि मामा. अक्षय तृतीयेला ते आले, शेवटच्या रांगेत बसले, जेवून गेले, माझ्याशी बोलले नाहीत. तुळशीचं लग्न झाल्यावर मात्र एका सकाळी आठ वाजता माजघरात आले. त्यांच्या धाकट्या मुलीचं जमलं होतं. खिशातून यादी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी खांद्याशी बसले. मी पहिलं नाव टाइप केलं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"सेव दाबलं का?"

दाबलं. दुसरं नाव टाइप केलं.

"दाबलं का?"

त्यांच्या यादीत त्रेपन्न नावं होती.