शेवट माहीत असलेला सिनेमा

प्रश्न : आमचा चार-पाच जणांचा गट आहे. संध्याकाळी चहाला जमतो आणि सिनेमावरून भांडतो. एकाचं म्हणणं, पिक्चर म्हणजे मारधाड. दहा वेळा बघितला तरी कंटाळा येत नाही. दुसऱ्याला पोलीस आणि गँगस्टरचा क्राईम सिनेमाच खरा वाटतो. मी थ्रिलरच्या बाजूचा. पण मारधाडवाला मला एकाच वाक्यात गप्प करतो : "तुझा थ्रिलर एकदाच बघायचा. शेवट कळला की पिक्चर संपला." याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. दिवाळीच्या सुमाराला आमच्यातले दोघं ऊसतोडीला कारखान्यावर जातात, तेव्हा हाच वाद मोबाइलवर चालू राहतो. या तिन्हींत श्रेष्ठ कोण? आणि शेवट कळल्यावर थ्रिलर खरंच संपतो का?
– एक वाचक, वडवणी (जि. बीड)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो. त्याचा उलगडा झाला की पहिल्याची धार आपोआप कमी होईल.

थ्रिलर संपत नाही. याचा सर्वांत भक्कम पुरावा मराठी माणसाला सिनेमात शोधावा लागत नाही, तो आपल्या रंगभूमीवर आहे. आचार्य अत्रे यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं. माधव काझी या भामट्यावर चाललेल्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. नाव बदलायचं, वेश बदलायचा, लग्न करायचं, फसवायचं आणि पुढच्या गावाला जायचं, हा त्याचा धंदा. नाटकात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला लखोबा लोखंडे प्रत्येक साक्षीदाराला ठामपणे सांगतो की तो माणूस मी नाहीच. आणि प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की हाच तो. गुन्हेगार कोण हे कोडं तिथे नव्हतंच. तरीही प्रभाकर पणशीकरांचा लखोबा बघायला लोक वर्षानुवर्षं येत राहिले, प्रयोग हजारोंच्या घरात गेले. एकदा बघून गेलेली माणसं पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन आली. त्यांना बघायचं होतं की आता हा कोणती थाप मारतो, वकिलाच्या प्रश्नातून कसा निसटतो आणि फिरता रंगमंच वळला की कोणत्या सोंगात समोर येतो.

सिनेमातही हेच घडलेलं आहे. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ चा. वकिलाची बायको वारली आहे आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई पोलिसांनी गुन्हेगार म्हणून पकडली आहे, ही त्यातली गोम. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी यावरून हिंदीत 'मेरा साया' केला. 'पाठलाग' बघितलेल्या प्रेक्षकाला त्यातलं रहस्य आधीच माहीत होतं, पण म्हणून 'मेरा साया'कडे कोणी पाठ फिरवली नाही.

या विषयावर प्रयोगही झाले आहेत. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टेनफेल्ड यांनी वाचकांना बारा लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना सांगितला नाही. शेवट माहीत असलेल्यांना गोष्टी एकंदरीत जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे या एका प्रयोगाच्या जोरावर मित्राला हरवायला जाऊ नका. पण शेवट कळला की सगळं संपलं, असं छातीठोकपणे त्यालाही म्हणता येणार नाही.

त्याला हरवायचं असेल तर त्याच्याच मैदानात उतरा. 'शोले'चं नाव काढा. मारधाडीच्या बाजूचा माणूस 'शोले' नाकारणार नाही. आता त्याला विचारा, दुसऱ्यांदा 'शोले' बघताना ठाकूरच्या अंगावरची शाल त्याला कशी दिसली? पहिल्या वेळी ती नुसती शाल असते. गब्बरची माणसं होळीच्या दिवशी गावावर तुटून पडतात, जय आणि वीरू अडकतात, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते आणि तो ती उचलून देत नाही. पहिल्यांदा बघताना आपल्यालाही वीरूसारखाच राग येतो. थोड्या वेळाने कळतं की शालीखाली हात नाहीत. दुसऱ्यांदा तोच प्रसंग बघताना राग येत नाही, पोटात कालवतं. जयच्या नाण्याचंही असंच. दोन्ही बाजूंना एकच छाप आहे हे कळल्यावर आधीच्या प्रत्येक नाणेफेकीचा अर्थ बदलतो, कारण प्रत्येक वेळी निर्णय नशिबाने घेतलेला नसतो, जयनेच घेतलेला असतो. हे सगळं थ्रिलरचं तंत्र आहे. माहिती दडवायची, योग्य वेळी उघड करायची आणि मागचं सगळं नव्याने बघायला लावायचं. सलीम-जावेद यांनी ते देशातल्या सर्वांत गाजलेल्या मारधाडपटात घातलं. म्हणजे तुमचा मित्र दहा वेळा जे बघतो त्यात निदान निम्मा माल तुमच्या बाजूचा आहे.

'शोले'च्या शेवटाचीच गोष्ट घ्या. आणीबाणी लागल्यावर दीडेक महिन्याने, १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार मारतो; सेन्सॉरच्या आग्रहाने शेवट बदलून पोलीस आणावे लागले. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. पन्नास वर्षं लोकांनी एक शेवट तोंडपाठ केला होता, दुसरा होता हेही अनेकांना माहीत होतं. दोन्हींमुळे सिनेमाची गोडी तसूभर कमी झाली नाही.

आता तुमच्या मित्राचं कुठे बरोबर आहे तेही सांगतो, कारण त्याचं निम्मं बरोबर आहे. काही थ्रिलर खरोखर एकदाच बघण्याच्या लायकीचे असतात. सगळी मदार शेवटच्या पाच मिनिटांवर असते. तोपर्यंत माणसं कागदी, प्रसंग भरतीचे, आणि आपली दिशाभूल करण्यासाठी दिग्दर्शक सरळ खोटं दाखवतो. असा सिनेमा पुन्हा लावला की त्यातल्या फटी दिसू लागतात. चांगला थ्रिलर खोटं दाखवत नाही. तो खरंच दाखवतो, फक्त आपलं लक्ष दुसरीकडे असतं. ही कसोटी घेऊन तुमच्या आवडीचा कोणताही थ्रिलर पुन्हा बघा. पहिल्या अर्ध्या तासातला प्रत्येक प्रसंग शेवटाशी जुळला तर तो सिनेमा पास.

'दृश्यम' या कसोटीला उतरतो. निशिकांत कामत यांनी तो २०१५ मध्ये हिंदीत केला, मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफ यांचा, २०१३ चा. गोव्यातला विजय साळगावकर चौथी नापास आहे, केबलचा धंदा करतो आणि रात्र रात्र ऑफिसात सिनेमे बघत बसतो. पोलिसांपासून कुटुंबाला वाचवण्यासाठी त्याच्याकडे ना पैसा, ना ओळख. असते ती फक्त सिनेमे बघून आलेली समज, की माणसाला डोळ्यांसमोर जे दाखवाल ते त्याच्या आठवणीत खरं होऊन बसतं. तुमच्या गटाने हा माणूस आपलाच मानावा इतका तो सिनेमावेडा आहे. गुन्हा कोणाच्या हातून घडला हे आपण मध्यंतराच्या आधीच बघितलेलं असतं. शेवट इथे सांगत नाही, गटात कोणी न बघितलेला असेल तर त्याचा हक्क राखायला हवा. पण दरवर्षी २ ऑक्टोबर उजाडला की साळगावकर कुटुंब त्या दिवशी पणजीला सत्संगाला गेलं होतं, यावर देशभर विनोद फिरतात. शेवट माहीत नसणाऱ्यांना ते विनोद कळलेच नसते.

राहिला क्राईम सिनेमा. तुमच्या दुसऱ्या मित्राला तो 'खरा' वाटतो, आणि त्यामागे कारण आहे. मारधाडपट माणसाची ताकद दाखवतो, थ्रिलर डोकं चालवायला लावतो, पण हा माणूस असा का झाला हे विचारायला क्राईम सिनेमाच थांबतो. मराठी लेखणीतून आलेलं याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे गोविंद निहलानी यांचा १९८३ चा 'अर्धसत्य'. कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर वेलणकर कोठडीत एका संशयिताला मरेपर्यंत मारतो. त्या मारहाणीला कोणी शिटी वाजवत नाही. ती बघताना आपल्याला वेलणकरचा हवालदार बाप आठवतो, वरिष्ठांनी केलेले अपमान आठवतात, आणि ज्या रामा शेट्टीला तो हात लावू शकला नाही तो आठवतो. रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या अहमदनगरचे. आवाज न चढवता दहशत कशी बसवायची हे त्यांनी अगदी थोड्या प्रसंगांत दाखवलं. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये (२०१८) हाच 'का' शेतजमिनीपर्यंत जातो. जमीन विकल्यानंतर शेतकऱ्याच्या घरात काय उरतं आणि त्या घरातला पोरगा कोणाच्या हाताला लागतो, हे मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

मात्र तुमच्या वादात एक गोष्ट आलेली नाही आणि मला ती तिघांच्या श्रेष्ठत्वापेक्षा महत्त्वाची वाटते. आता सिनेमे अख्खे बघितले जात नाहीत, मोबाइलवर तुकड्यांनी येतात. मारामारीचा तुकडा सुटा काढला तरी चालतो. कारण न कळताही उडी, लाथ, धूळ, संगीत यांची मजा येते. थ्रिलरचा तुकडा निर्जीव होतो, तो कोणी पुढे पाठवत नाही. क्राईम सिनेमाचा तुकडा मात्र खोटा होतो. महेश मांजरेकर यांच्या 'वास्तव'मधला (१९९९) रघू आईला गळ्यातली सोन्याची साखळी दाखवतो तो प्रसंग पंचवीस वर्षांनंतरही फिरतो आहे. तेवढंच बघणाऱ्या पोराला दिसतं की पावभाजीची गाडी लावणारा मुलगा एवढं सोनं घेऊन घरी आला. अख्खा सिनेमा बघणाऱ्याला हेही दिसतं की भेदरलेल्या, होरपळलेल्या त्याच मुलावर शेवटी त्याच आईला, रीमा लागूंना, गोळी झाडावी लागते. दिग्दर्शकाने साखळी आणि ती गोळी एकाच सिनेमात ठेवली होती. तुकडा करणाऱ्याने साखळी ठेवली आणि गोळी फेकून दिली.

क्राईम सिनेमे पोरांना बिघडवतात ही तक्रार घराघरांत होते. मला वाटतं, ती तक्रार बहुतेक वेळा या तुकड्यांबद्दल असायला हवी. भाईगिरीचे संवाद स्टेटसला लावणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याच्या शेजारी बसून तो सिनेमा शेवटपर्यंत बघावा. असेही सिनेमे आहेत ज्यांत गोळी मुळातच नाही, नुसती साखळीच आहे. दोन तास गुंडाचा थाट आणि वर त्याचाच जयजयकार. त्यांना मी क्राईम सिनेमा म्हणायला तयार नाही, त्यांच्यावर बिनधास्त टीका करा.

आता पहिला प्रश्न, श्रेष्ठ कोण. तिघांना एका तराजूत घालता येत नाही असं म्हणून मी सुटू शकतो, पण तुम्ही सरळ विचारलं आहे तर सरळ सांगतो. मारधाडपट चांगला करणं सर्वांत खर्चाचं आणि कष्टाचं आहे. 'शोले'तल्या रेल्वेच्या एका प्रसंगाला पनवेलजवळ सात आठवड्यांहून जास्त काळ लागला, त्यासाठी इंग्लंडहून साहसदृश्यांचे जाणकार आणले होते. थ्रिलर लिहिणं सर्वांत अवघड. एक दुवा निसटला की सगळं कोसळतं. आणि मनात सर्वांत जास्त काळ राहणारा चांगला क्राईम सिनेमाच. माझी निवड त्याच्या बाजूची आहे, म्हणजे तुमच्या दुसऱ्या मित्राच्या. तुमचा भ्रमनिरास झाला असेल, पण शेवट कळण्याच्या मुद्द्यावर तुम्ही जिंकला आहात, ते तुमचंच.

गटासाठी एक सुचवतो. मघाशी ज्यांचं नाव आलं ते निशिकांत कामत तुमच्या तिन्ही बाजूंचे होते. २००५ मध्ये त्यांनी 'डोंबिवली फास्ट' केला. बँकेत काम करणारा, लोकलने जाणारा-येणारा माधव आपटे रोजच्या लाचखोरीला विटून हातात बॅट घेतो आणि स्वतःच गुन्हेगार ठरतो. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तमिळमध्ये तो पुन्हा झाला. २०१४ मध्ये त्यांनी 'लय भारी' केला, तुमच्या लातूरच्या रितेश देशमुखला माउली बनवून, पंढरपूरच्या विठ्ठलाच्या साक्षीने झालेली मराठीतली दणदणीत मारधाड. पुढच्याच वर्षी 'दृश्यम'. 'रॉकी हँडसम'मध्ये तर दिग्दर्शन करता करता स्वतः खलनायकही झाले. १७ ऑगस्ट २०२० ला, वयाच्या पन्नाशीत, ते गेले.

कारखान्यावरचे दोघं परत आले की 'डोंबिवली फास्ट', 'लय भारी' आणि 'दृश्यम' हे तीन सिनेमे याच क्रमाने, एकत्र बसून आणि अख्खे बघा. तिन्ही बघून झाल्यावर मारधाडवाल्या मित्राला विचारा, यातला कोणता पुन्हा लावू. त्याने 'दृश्यम' म्हटलं तर मला जरूर कळवा.