ठरवलेले काम आणि त्याची नोंद

प्रश्न : ठरवलेली कामे रोज पुढे ढकलली जातात, जबाबदारीची सवय कशी लागावी? (एक शेतकरी वाचक, सणसर)

उत्तर : नीरा डाव्या कालव्याच्या भागात परिचित असलेली शेजपाळी, म्हणजे कोणत्या शेताला केव्हा व किती वेळ पाणी मिळेल हे आधीच ठरवणारी व्यवस्था, कोणाच्या निश्चयावर विसंबत नाही; वेळ लेखी असते आणि पुढचा शेतकरी वाट पाहत असतो. वैयक्तिक उत्तरदायित्वालाही, म्हणजे आपल्या कृतीचा हिशेब देण्याच्या तयारीलाही, हेच दोन आधार लागतात. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या ‘अंमलबजावणी-संकल्प’ या संकल्पनेनुसार काम ठरावीक प्रसंगाशी बांधावे : डेअरीत दूध घालून येताच उसाच्या खर्चाची नोंद. वही दर आठवड्याला घरातील एकाला दाखवावी आणि चुकलेला दिवस कोरा न ठेवता त्याचे कारणही लिहावे.