रुमाल सोडताना

धुळ्या-जळगावच्या महाविद्यालयांत इतिहास शिकवण्यात आणि पीएच.डी.च्या मुलांचे प्रबंध तपासण्यात माझं उभं आयुष्य गेलं. आता निवृत्त झाल्यावर लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, आपल्या खान्देशात खरंच संशोधन होतं का हो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळा असतात, हल्ली परदेशातली विद्यापीठं असतात. मंडपात उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर माझ्यापाशी नसतं. म्हणून ते इथे सवडीने मांडते आहे.

१. आपल्याकडे विद्यापीठ उशिरा आलं, अभ्यास फार आधी येऊन बसला होता. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव लागलं. त्याआधी आम्ही पुणे विद्यापीठात मोडायचो आणि नोंदणीपासून व्हायव्हापर्यंत सगळ्याला पुण्याची वाट धरावी लागायची. त्यामुळे खान्देशातली विद्येची परंपरा कालपरवाची, असं सहज बोललं जातं. ज्यांना तसं वाटतं त्यांना मी चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन यायला सांगते. तिथला शिलालेख इ.स. १२०७ चा, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा आणि इतर ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्याने इथे मठ स्थापन केला आणि इथल्या निकुंभ राजांनी त्या मठाला दान दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. बहुतेकांचं लक्ष त्यातल्या संस्कृत श्लोकांकडे जातं. मला मात्र शेवटच्या जुन्या मराठीतल्या ओळी सोडवत नाहीत. बाजारात येणाऱ्या मालातून, तेलाच्या घाण्यांतून मठाला किती वाटा द्यायचा, ते तिथे लिहिलंय. ग्रहांचं गणित चालावं म्हणून तेल्याने पळीभर तेल बाजूला काढायचं! संशोधनाला पैसा कुठून येतो आणि तो कुणाच्या घामाचा असतो, हे इतकं उघडपणे सांगणारा दुसरा कागद मी पाहिलेला नाही.

२. कागद जपणारा माणूस कागद वाचणाऱ्याच्या तोडीचा असतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळायचे हे शाळेत सगळेच शिकतात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, आणि एकूण खंड बावीस. पण त्यांचा शेवट धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ ला, हे धुळ्याच्या मुलांनाही सांगावं लागतं. त्यांच्या मागे इथल्या मंडळींनी त्यांचे कागद वाऱ्यावर जाऊ दिले नाहीत. राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं, 'संशोधक' हे नियतकालिक चालवलं. याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाच्या पोथ्या मठामठांतून मिळवून वाग्देवता मंदिरात ठेवल्या. वकिली, शिक्षकी, व्यापार सांभाळून ही माणसं हे काम करत होती.

मोडी कागदांचा रुमाल पहिल्यांदा सोडताना विद्यार्थ्याचा चेहरा कसा होतो, ते मी पुष्कळदा पाहिलंय. खारव्याच्या कापडाची गाठ निघाली की आधी वेखंडाचा वास येतो, मग जुन्या कागदाचा. शाई अजून काळीभोर असते, कडा मात्र बोट लागताच चुरा होतात. कसरीने नेमकं नावच खाल्लेलं असतं. मुलांना वाटतं आता लढाई निघेल, कारस्थान निघेल. निघतो तो गहू, ज्वारी, तेल, मजुरी यांचा हिशेब, पानामागून पान. दोन दिवसांत निम्मी मुलं हिरमुसतात. माझी एक विद्यार्थिनी त्या हिशेबाला चिकटून बसली आणि कोणत्या महिन्यात धान्य चढलं, कोणत्या महिन्यात मजूर यायचे थांबले, हे तिने ओळीओळीने लावत नेलं. तिच्या वहीत एका दुष्काळी वर्षाची माणसं उभी राहिली तेव्हा मी त्या पानांकडे नव्याने पाहिलं. मोडी लिपीची ओळख महिन्याभरात होते. फराट्यातून माणूस ओळखायला मात्र फार वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं ते पान शाबूत राहावं लागतं.

३. विचार करायला कुणीतरी सवड विकत घेऊन द्यावी लागते. अमळनेरच्या गिरणीवाल्या श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तालुक्याच्या गावी अभ्यासकांनी राहावं, वेदान्तापासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंत वाचावं, वाद घालावा, ही त्यामागची कल्पना. कृष्णचंद्र भट्टाचार्य, जी. आर. मलकानी, रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी माणसं इथे राहून गेली. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' इथून निघायचं. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी या मंदिरासाठी. प्रताप हायस्कूलमधले शिक्षक ते नंतर झाले. भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अमळनेरचं नाव आदराने घेतलं जातं आणि अमळनेरच्या बाजारपेठेत ते अनेकांना ठाऊक नसतं, ही गोष्ट मला अजून टोचते. त्या पंडितांचं लिखाण इंग्रजीत होतं. गावाला त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ठेवत आले.

४. इतिहास आणि विज्ञान यांच्यामधली भिंत आपल्या मातीत टिकत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला १९७२-७३ मध्ये एस. ए. साळींनी उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव रेघांचा तुकडा मिळाला. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा! खान्देशात शहामृग फिरत होते आणि त्यांच्या अंड्याच्या कवचावर कुणीतरी बसून बारीक नक्षी कोरत होतं, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही पेन खाली ठेवतात. पण तो काळ ठरवायला कार्बनचं भौतिकशास्त्र लागतं, आणि त्या नक्षीला नक्षी म्हणायला माणसाच्या मनाचा अभ्यास. एकट्याचं ते काम नाही.

असंच एकदा भूगोलाच्या सहकाऱ्याबरोबर लळिंगचा किल्ला चढले. मी तटबंदी पाहत होते, तो आजूबाजूच्या डोंगरांकडे बोट दाखवत होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांतून वर आला आणि तिथेच थिजला. त्याच्या भिंती, म्हणजे डाइक, धुळे-नंदुरबार पट्ट्यात शेकड्यांनी आहेत. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी एक तर जवळपास ऐंशी किलोमीटर लांब आहे. उतरताना पायथ्याशी एक म्हातारे शेतकरी भेटले. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "त्या दगडाच्या अलीकडच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं, पलीकडची पौषातच आटते." सहकारी थबकला. डाइक भूजलाला बांधासारखी अडवते, हे त्याने पुस्तकात वाचलेलं होतं. यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. लळिंगच्या किल्लेदाराने पाण्याची टाकी कुठे खोदली असतील, हा माझा प्रश्न त्या दिवशी मला वेगळाच दिसू लागला.

५. पहिली नोंद शेतकऱ्याच्या डोळ्यात होते. माझे यजमान वनस्पतिशास्त्राचे. रावेर-यावलच्या केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू फैलावला, त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या ताटावर दुसरा विषय नसायचा. तिकडे त्याला हरण्या म्हणतात. कोवळ्या पानावर पिवळट पट्टे पडतात, पोंगा सडतो, आणि लाखो रुपये खर्चून लावलेली टिश्यू कल्चरची रोपं उपटून फेकावी लागतात. औषध नाही. मावा किडीतून तो पसरतो, काकडीवर्गीय वेलींत आणि तणांत दडून राहतो. यजमान एका शेतात गेले तर शेतकऱ्याची बायको म्हणाली, "भाऊ, आधी बांधावरच्या वेलीची पानं अशी झाली, मग केळीची." हा क्रम तिने कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी टिपला होता. केळी संशोधन केंद्र जळगावातच आहे, कृषी महाविद्यालय धुळ्यात आहे, विद्यापीठात जीवशास्त्राची प्रशाळा आहे. अंतरं तासा-दोन तासांची. पण त्या बाईचं वाक्य कुणाच्या तरी वहीत वेळेवर पोचायला हवं, आणि उत्तर तिच्या बांधावर परत यायला हवं. परतीचा रस्ता आपल्याकडे फार कच्चा आहे.

६. घरची बोली हा अभ्यासविषय आहे हे कळायला मुलांना धीर द्यावा लागतो. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खान्देशीची नोंद भिल्ली बोलींसोबत केली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मराठीपासून वेगळी मोजली गेली, बोलणारे अठरा लाखांच्या वर. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर अभ्यासकांचे वाद चालू राहतील, चालू राहावेत. मला आठवतो तो साक्रीकडचा एक विद्यार्थी. मुलाखतीला तो पुस्तकी मराठीत बोलायचा आणि प्रत्येक वाक्याआधी अडखळायचा. त्याला म्हटलं, कानबाई देवीची गाणी गोळा कर, आईपासून सुरुवात कर. आईने रेकॉर्डर पाहिला आणि हसून म्हणाली, "कसाले लिखी लेस रे भाऊ, हाई त आम्ही रोजच बोलतस." मग श्रावणातली गाणी सुरू झाली ती चूल विझेपर्यंत. रोट कसे भाजायचे, कानबाई कुणाच्या घरून कुणाच्या घरी जाते, कुणाशी रुसते, सगळं त्यात आलं. तो मुलगा पुढे चर्चासत्रात उभा राहिला तेव्हा अडखळला नाही.

७. पदवी हा संशोधनाचा एक रस्ता आहे, एकमेव नाही. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील कुठल्या विद्यापीठाच्या खुर्चीवर बसले नाहीत. आदिवासींच्या चळवळी चालवता चालवता प्रौढपणी संस्कृत व्याकरण शिकले, मूळ ग्रंथ मुळातून वाचले आणि 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिलं. त्यांच्या मांडणीशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. पण वाद घालायलाही आधी तेवढं वाचावं लागतं.

८. आजच्या संशोधक मुलांची परवड कुणीतरी स्पष्ट बोललं पाहिजे. पाड्यावरून आलेला मुलगा नेट-सेट होतो किंवा पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा 'पेट' देतो, कोर्सवर्क करतो, आणि पोटासाठी तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टीत तास नाहीत म्हणून मानधन नाही, आणि कागद पाहायला जायचं तर नेमकी सुट्टीच हाती असते. एका मुलाने मला बसभाड्याचा हिशेब दाखवला होता. एका प्रकरणासाठी झालेल्या प्रवासाइतका खर्च त्याच्या घरच्या बियाण्याला लागायचा. अशांना शोधनिबंध कधी छापणार म्हणून दटावताना माझा आवाज खाली येतो. घाईने छापलेले निबंध बढतीला उपयोगी पडतात, विषयाला पडत नाहीत. शासनाने आणि विद्यापीठाने आधी या मुलांना वर्षभराचं स्थिर मानधन द्यावं, गुणवत्तेचं बोलणं त्यानंतर. यावर माझं मत कुणी बदलू शकलेलं नाही.

९. काम जिथून उचललं तिथे परत नेऊन ठेवावं. माझ्या विद्यार्थ्यांना मी एक अट घालायचे. प्रबंध विद्यापीठात जमा झाला, शोधगंगेच्या ऑनलाइन भांडारात चढला, की त्याचा वीस-पंचवीस पानांचा मराठी सारांश ज्या गावात काम केलं तिथल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्यायचा, आणि एकदा बसून वाचून दाखवायचा. काहींनी कंटाळून केलं, बहुतेकांनी मनापासून केलं. एका गावात वाचन संपल्यावर पारावरच्या आजोबांनी दोन नावं दुरुस्त केली आणि तिसरं राहिलेलं सांगितलं. परीक्षकांच्या नजरेतून त्या चुका सुटल्या होत्या.

तुमच्या घरात, माळ्यावर, जुन्या पेटीत मोडीतले कागद असतील, आजोबांची शेतीची वही असेल, आजीच्या गाण्यांचं कुणी केलेलं टाचण असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. कोरड्या सुती कापडात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट भिंतीपाशी नको. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवा. आणि जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या, मराठीच्या किंवा शेतीच्या शिक्षकाला एकदा घरी बोलवा. कागद द्यायचे की नाही ते नंतर ठरवा, आधी दाखवा तरी.