कांदाचाळीतील तापमानाच्या नोंदी : संगणकीय प्रणालीची निवड

नाशिक जिल्ह्यात रब्बी कांद्याची काढणी उन्हाळ्याच्या सुरुवातीस होते व चाळीतील माल पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ठेवला जातो. या काळात वजनातील घट, सड व कोंब येणे या तीन कारणांनी नुकसान होते. चाळीत तापमान २५ ते ३० अंश सेंटिग्रेड व सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहिल्यास कांदा चांगला टिकतो. आर्द्रता वाढल्यास सड बळावते. हवा उष्ण व कोरडी झाल्यास वजन घटते.

तापमान व आर्द्रता मोजणारे स्वस्त सेन्सर आता सहज मिळतात. परंतु त्यांच्या नोंदी कोणत्या प्रणालीत ठेवाव्यात, याचा विचार बहुधा आलेखाच्या देखणेपणावरून केला जातो. निवड करताना पुढील बाबी तपासाव्यात.

१. नोंदींचा टिकाऊपणा : नोंदी संपूर्ण हंगामभर टिकल्या पाहिजेत. 'होम असिस्टंट' या विनामूल्य प्रणालीत वेगळी सूचना न दिल्यास तपशीलवार नोंदी १० दिवसच राहतात. त्यापुढे तासातासाचे सरासरी, किमान व कमाल आकडे तेवढे उरतात. ही मुदत आरंभीच वाढवून घ्यावी.

२. किमान व कमाल : 'आरआरडीटूल' या प्रणालीत जुन्या नोंदींचा संक्षेप होत असल्याने फाइलचा आकार वाढत नाही. मात्र संक्षेपात केवळ सरासरी ठेवली, तर धोक्याचे तास लपतात. उदाहरणार्थ, दुपारी ४० व पहाटे २४ अंश तापमान असता मध्य ३२ अंश येतो. त्यावरून दुपारच्या उष्णतेची कल्पना येत नाही. म्हणून किमान व कमाल आकडेही ठेवण्याची व्यवस्था करावी.

३. खंड पडणे : वीज वा इंटरनेट बंद पडल्यास नोंदी चाळीतील उपकरणातच साठल्या पाहिजेत. न झालेल्या नोंदीची जागा आलेखात रिकामी दिसावी. ती सरळ रेषेने जोडली गेल्यास न मोजलेले तापमान मोजल्यासारखे भासते.

४. नोंदी बाहेर काढणे : सर्व आकडे दिनांक व वेळेसह साध्या सीएसव्ही फाइलमध्ये मिळाले पाहिजेत. तसे नसल्यास प्रणाली बदलताना मागील हंगामाचा अनुभव हातचा जातो.

दर १० मिनिटांस एक याप्रमाणे एका सेन्सरच्या दिवसाला १४४ व १८० दिवसांत २५,९२० नोंदी होतात. तीन सेन्सरच्या मिळून ७७,७६० ओळी होतात. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणून एका चाळीपुरते हे साधन पुरेसे आहे. अनेक चाळी असलेल्या संस्थेने नोंदी 'इन्फ्लक्सडीबी'मध्ये साठवून 'ग्राफाना'वर आलेख पाहणे सोयीचे ठरते.

एक सेन्सर ढिगाच्या मध्यभागी व एक चाळीबाहेर सावलीत ठेवावा. केवळ छताजवळच्या नोंदीवर विसंबू नये. पावसाळ्यात ढिगातील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहून बाहेरची हवा कोरडी व उघडी असेल, तर बाजूचे पडदे उघडावेत व सडलेला कांदा निवडून काढावा. आलेखाशेजारी प्रत्येक वेळी निघालेल्या सडक्या कांद्याचे वजनही लिहून ठेवावे. या दोन नोंदी एकत्र वाचल्यानेच पुढील वर्षी चाळीत कोणता बदल करावा, हे शेतकरी बंधूंना निश्चितपणे ठरविता येईल.