बायोलॉजी सोडण्याआधी लिटरभर मिरी तोलून पाहा

एसएसएलसीचा निकाल लागला की जोयडा तालुक्यातल्या रामनगरहून फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "सर, पीसीएमसीच घेऊ ना?" म्हणजे बायोलॉजीला रामराम आणि कॉम्प्युटर सायन्स. घरात ठरून गेलेलं असतं, माझा नुसता होकार हवा असतो. तो मी देत नाही. गणिताची ओढ असेल त्याने खुशाल घ्यावं. शेजाऱ्याचा मुलगा बेंगळुरूला आहे, हे कारण नव्हे. नर्सिंग, डिप्लोमा, बँकेच्या परीक्षा तुम्हाला ठाऊकच आहेत.

मला बोलायचंय मसाल्याबद्दल. हसू नका. जोयडा तालुक्यात सुपारीवर मिरीचे वेल चढलेत, परसात भिरंड आहे, ब्याडगी मिरची आपल्याच राज्यातली, आणि अनमोड घाट उतरला की गोव्याची हॉटेलं. गिरगावात बेडेकर 1910पासून, पुण्यात चोरडियांचे प्रवीण मसालेवाले 1962पासून. ही नावं पाकिटावर दिसतात. पण चिप्सवर भुरभुरायचं तयार मिश्रण, सॉसेजमधला मिरीचा अर्क पुरवणारी घराणी पाकिटावर कधीच दिसत नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक कारखाना, आणि कारखान्याला दर खेपेला तीच चव, तोच रंग लागतो.

तिथे अंदाज चालत नाही. मिरी लिटरच्या मापात भरून तोलतात. 550 ग्रॅम भरली तर दाणा भरीव. ब्याडगीला भाव तिखटाचा नाही, रंगाचा, आणि तो रंग प्रयोगशाळेत मोजतात. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगने इथिलीन ऑक्साइड सापडल्यावरून काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली. हे रसायन वापरतात जंतू मारायला. त्याऐवजी वाफेने जंतू मारायचे आणि वासही उडू द्यायचा नाही, हे जमायला रसायनशास्त्र लागतं तसं सूक्ष्मजीवशास्त्रही लागतं. म्हणजे तुम्ही जी सोडायला निघालात ती बायोलॉजी!

म्हणून पीसीएमबी घ्या. शिरसीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. कृषी पदव्यांना केसीईटी या प्रवेश परीक्षेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. त्यासाठीचे दाखले आधीच काढून ठेवा. पुढे एमएस्सी करायची तर म्हैसूरला 1950पासून सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे.

आता ज्यांच्या घरीच मसाला कांडप आहे, त्यांच्याशी स्पष्ट बोलतो. मुलाला सुट्टीत गल्ल्यावर बसवता. बाजारात खरेदीला नेत नाही, उधारीची वही दाखवत नाही. पदवी झाली की एकदम "आता सांभाळ." तो पळणार नाही तर काय? आधी दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत पगारावर राहू द्या. घरी कुणी त्याची चूक दाखवत नाही, तिथे दाखवतील. आणि धंद्याची गोष्ट निघाली की मुलीला चहा करायला आत का पाठवता?

रविवारी माझ्याकडे सल्ल्याला याल तेव्हा तिलाही आणा. गेल्या खेपेला एक मुलगी आली होती. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या बाबांनीच दिलं.