पिल्ले पाजणाऱ्या सशाच्या मादीचे प्रजनन व्यवस्थापन

अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांसाठी जोडधंदा म्हणून ससापालनाची योजना मांडली जाते, तेव्हा तिच्या अंदाजपत्रकातील एक आकडा निर्णायक ठरतो. एक मादी वर्षातून किती वेळा विते, हा तो आकडा होय. सशाचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असल्याने वर्षाला अकरा विती कागदावर सहज मांडता येतात. प्रत्यक्षात त्या पदरात का पडत नाहीत, हे समजण्यासाठी मादीच्या शरीरातील संप्रेरकांचे कार्य जाणून घेणे अगत्याचे आहे.

समागमानंतर अंडमोचन

गाय किंवा शेळी ठरावीक अंतराने माजावर येते. सशाच्या मादीत असे निश्चित ऋतुचक्र नसते. तिच्या अंडाशयात बीजपुटकांच्या लाटा एकामागून एक तयार होत राहतात. परंतु बीजांडे बाहेर पडतात ती समागमाच्या उत्तेजनानेच. या उत्तेजनाने मेंदूच्या तळाशी असलेला भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती ग्रंथी पीतपिंडकारी संप्रेरक रक्तात सोडते आणि समागमानंतर १० ते १२ तासांनी अंडमोचन होते. कृत्रिम रेतनात हे नैसर्गिक उत्तेजन नसल्यामुळे संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. समागम होऊनही गर्भ राहिला नाही, तर मादी सुमारे १६ ते १८ दिवस खोट्या गाभणपणात अडकते आणि तेवढे दिवस वाया जातात.

दूध आणि गर्भ

विण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण घटते. मादी अंगावरचे केस उपटून घरटे करते आणि व्याल्यावर पहिले एक-दोन दिवस नराला सहज स्वीकारते. पुढे पिल्लांच्या चोखण्याने प्रोलॅक्टिन हे दुग्धजनक संप्रेरक वाढते. ते दूध टिकविते, पण अंडाशयाच्या कार्यास आवर घालते. म्हणून पाजणाऱ्या मादीत नराला नकार, कमी अंडमोचन व गर्भनाश यांचे प्रमाण अधिक आढळते.

याला दुसरेही कारण आहे. सशाचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असते. दूध तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त उतरते आणि त्यासाठी मादी स्वतःची चरबी खर्च करते. अशा वेळी पोटात गर्भही वाढत असेल, तर एकाच शरीरावर दुहेरी भार पडतो.

भरविण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग व्याल्याबरोबर लगेच भरविण्याचा. तो लाभाचा दिसतो. परंतु मादी लवकर झिजते व कळपातून काढावी लागते. दुसरा मार्ग सुमारे अकराव्या दिवशी भरविण्याचा. त्यात ३१ व ११ मिळून ४२ दिवसांचे चक्र होते. गणिताने वर्षाला आठ विती येतात. युरोपातील व्यापारी ससापालनात ही पद्धत रूढ आहे. तिसरा मार्ग ३५ व्या दिवशी पिल्ले तोडल्यानंतर भरविण्याचा. हे चक्र ६६ दिवसांचे असून वर्षाला जेमतेम पाच विती मिळतात. मात्र मादीला पुरेशी विश्रांती लाभते. नवशिक्या पालकाने या मार्गाने आरंभ करावा, हे श्रेयस्कर.

अकराव्या दिवशी भरवायचे असल्यास औषधाविना एक उपाय आहे. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन ते पाच मिनिटे पाजते. आदल्या दिवशी घरट्याची पेटी बंद ठेवून एक पाजणे टाळल्यास प्रोलॅक्टिन उतरते, इस्ट्रोजेन वाढते आणि मादी नर स्वीकारण्याची शक्यता वाढते. समागमापूर्वी पिल्लांना पुन्हा पाजू द्यावे. ही मुदत लांबविल्यास पिल्लांची वाढ खुंटते, हे विसरू नये.

दैनंदिन दक्षता

योनिमार्गाचे तोंड लालसर व फुगलेले असल्यास मादी अनुकूल समजावी. फिकट असल्यास थांबावे. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नराला तिच्याकडे आणू नये. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपून गर्भ तपासावा. पाजणाऱ्या मादीचा खुराक मोजून तोडू नये व पाणी सदैव पुढे असावे. विण्याच्या व भरविण्याच्या तारखांची नोंद प्रत्येक पिंजऱ्यावर लावावी.

केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे तामिळनाडूतील मन्नावनूर येथील केंद्र मांसासाठीच्या सशांवर कार्य करते. तेथील हवामान डोंगराळ व थंड आहे. महाराष्ट्राच्या पठारावर उन्हाळ्यात तापमान ३० अंशांपलीकडे गेले, की नराची प्रजननक्षमता घटते व मादीही खाणे कमी करते. म्हणून त्या महिन्यांतील विती हिशेबात धरू नयेत.

योजना तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी वर्षाला अकरा विती दाखविणारे अंदाजपत्रक परत करावे आणि पाच वितींवर, तीही पिल्लांची मरतूक वजा करून, कर्जाचे हप्ते फिटतात काय ते पाहावे. मादीच्या देहाला न पेलणारे गणित अखेरीस कर्जदार कुटुंबालाही पेलत नाही.